काळसर बारीक दाणे, दोन किलो

४ मार्च, मंगळवार

मुंगे,

फोन करणार नाही. फोन तू मधेच कापतेस. पत्र कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस वाचतोच. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

सहा महिने झाले तुला पोलिसांच्या त्या कॅमेऱ्यांवरच्या नोकरीसाठी जाऊन. तेव्हापासून मी तुला पाहिलेलं नाही. तू मात्र मला रोज पाहतेस, हे डिसेंबरात कळलं. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर पोलिसांनी काळी वाटी उपडी टांगली आहे. टांगणाऱ्या माणसाला मी खालून विचारलं, हे दिसतं कुठे? तो शिडीवरूनच म्हणाला, मोठ्या चौकीत तिसऱ्या मजल्यावर भिंतभर पडदे आहेत, तिथे पोरी बसतात डोळे फोडत. म्हणजे तू. नाव न घेताही ओळखलं मी.

वाटीच्या बरोबर समोर आपली खिडकी येते, जिच्यापाशी उजेडासाठी माझं मशीन आणि तराजू आहे. समोरची गॅलरी (तिचं खरं नाव विसरलीस तरी चालेल, दिवसभर गॅलरीत उभी असते ती) फार खूश आहे. तिच्या गळ्यातली साखळी याच गल्लीत खेचली होती, म्हणून तिनेच अर्ज करून सह्या गोळा केल्या. मी सही केली नाही. साखळी खेचली ते वाईटच झालं, तसं मी तिला सांगितलंही. पण तिच्या गळ्यापायी माझ्या खिडकीत कोणी डोकावायचं, हा हिशेब मला जमत नाही.

जाताना तू म्हणालीस, जो वाकडं वागत नाही त्याला कशाची भीती? तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून तुझी पिशवी दाराबाहेर ठेवली. आता सुचलंय. मी आंघोळीला जाताना कडी लावते. घरात आपण दोघीच असायचो, तरी लावायचे. तू लहान असताना बाहेरून दार बडवायचीस, आत काय लपवतेस म्हणून रडायचीस. मी काय आत चोरीचा माल धूत होते? कडी माझी आहे. कधी लावायची, कोणाला उघडायची, ते मी ठरवणार. एवढंच उत्तर. सहा महिने लागले सुचायला.

पत्राला उत्तर दे असं म्हणत नाही. तिथे बसून खिडकीकडे बघत असशील तर निदान मान खाली घाल.

तुझी आजी

११ मार्च, मंगळवार

मुंगे,

धंद्याचं सांगते. गेल्या महिनाभरात चारच बायका आल्या. एरवी महिन्याला दहा-बारा येतात हे तुला माहीत आहे.

तू या मोहरीतच वाढलीस. ऑपरेशनात एका बाजूची छाती गेलेल्या बायका आपल्याकडे यायच्या. मी मागच्या खोलीत माप घ्यायचे, मऊ कापडाची उशी शिवायचे, आणि तू नरसाळ्याने तिच्यात मोहरी ओतायचीस. दुसऱ्या बाजूइतकं वजन हवं, नाहीतर खांदा एकीकडे झुकतो आणि वर्षभरात पाठ बोंबलते. दुकानातली रबराची मिळते, ती उन्हात तापते आणि कातडी सोलते. मोहरी गार राहते, हलली तर अंगासारखी हलते. जमिनीवर सांडलेला एकेक दाणा तू बोटाने टिपायचीस, म्हणून तर मुंगी झालीस.

आणि एक नियम होता. कोण आलं, कशाला आलं, हे उंबऱ्याबाहेर जायचं नाही. माझ्या वहीत नावं नाहीत. मापं आहेत, आणि पुढे खूण: जिना, छत्री, दोन वेण्या, कंडक्टर. पाच वर्षांची होतीस तेव्हापासून तू तो नियम पाळलास. शाळेत बाईंनी विचारलं, तुझी आजी काय करते? तू सांगितलंस, उशा शिवते. मी त्या दिवशी तुला काही म्हटलं नव्हतं. आता म्हणते, चांगलं उत्तर होतं.

तर आता बायका गल्लीच्या तोंडाशी येतात, वर बघतात आणि परत फिरतात. कंडक्टर तेवढी आली. दिवसभर बसमध्ये गर्दीत घासत उभी असते ती, तिची उशी दर चार महिन्यांनी विरते. डेपोत कोणाला ठाऊक नाही. कळलं तर तिला बसवरून उतरवून भांडारात टायर मोजायला बसवतील, वर सगळे हळू आवाजात बोलतील. तिला दोन्ही नको आहे. डोक्यावरून रुमाल ओढून आली होती. म्हणाली, आजी, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या घरी चोरासारखी आले.

त्या दिवशी मी खिडकीला चादर लावली. तीच तुझी जुनी, निळ्या चौकड्यांची. उजेड गेला, दोनदा सुई बोटात घुसली. आणि तिसऱ्या दिवशी शिपाई दारात. चादर कशाला लावली? मी म्हटलं, वाळत घातली आहे. घरात? म्हटलं, बाहेर लोक बघतात. त्याला हसावं की लिहून घ्यावं कळेना. लिहून घेतलं.

आजी

१९ मार्च, बुधवार

काल दुपारी ते आले. साहेब, दोन शिपाई आणि एक बाई शिपाई. तू पाहिलंच असशील. गाडी त्या वाटीखालीच लावली होती.

मी मशीनवर होते. साहेब तरुण आहे, बूट चकचकीत, बोलायला वाईट नाही. म्हणाला, तीन महिने आम्ही पाहतोय. बायका एकट्या येतात, वीस मिनिटं थांबतात, जाताना हातात लहान पुडकं असतं. तुम्ही खिडकीत बसून तराजूवर बारीक काहीतरी तोलता. कॅमेरा लागला तशा बायका तोंड झाकून यायला लागल्या, आणि मग तुम्ही खिडकीच झाकली. आता तुम्हीच सांगा, आजी.

ऐकायला सगळं खरं होतं. एक शब्द खोटा नाही आणि शेवटी निघालं काय, तर मी नशा विकते. गुडघे दुखतात म्हणून मी दुकानातून गोळीसुद्धा आणत नाही.

कपाटात अकरा उशा तयार होत्या. अकराही ब्लेडने फाडल्या. घरभर मोहरी. शिपाई घसरला, टेबल धरलं म्हणून वाचला. साहेबाने चिमूटभर हातावर घेतली, वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“टाचण्या खोचायच्या उशा.”

“एवढ्या मोठ्या?”

“माझ्या टाचण्या खूप आहेत.”

खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत चहा घेऊन गेला असता. माहीत आहे मला. पण नंतर त्याने खिशातून पाकीट काढलं आणि मशीनच्या फळीवर पत्ते मांडावेत तसे फोटो मांडले. एकतीस. प्रत्येकीच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट. जिना होती, छत्री होती, कंडक्टर रुमालासकट होती. आता समज, मी तोंड उघडून सांगितलं की उशा कशासाठी आहेत. मी सुटले. आणि या एकतीस जणी? कालपर्यंत त्यांचं दुखणं त्यांचं होतं, उद्या चौकीच्या फायलीत फोटोसकट लागेल. कोणत्या शिपायाची कोणती मेहुणी, कोणाचा साडू डेपोत. बातमीला काय, पाय फुटतात.

त्याने विचारलं, कोण आहेत या? मी म्हटलं, बायका आहेत.

साहेबाला राग आला असावा, पण आवाज चढवला नाही. दोन किलो मोहरी पिशवीत भरली, लाखेचा शिक्का मारला, तपासायला नेली. पावती दिली. तिच्यावर लिहिलंय, काळसर बारीक दाणे, दोन किलो. पोलीस खात्यात कोणी स्वयंपाक करत नाही वाटतं. आणि जाताना सांगून गेला, शुक्रवारपर्यंत, अठ्ठावीस तारखेपर्यंत, मी नावं आणि कारण सांगायचं. नाही सांगितलं तर फोटो घेऊन तो घरोघर, कामाच्या ठिकाणी माणसं पाठवणार आणि एकेकीला चौकीत बोलावणार.

बाई शिपाई मागे राहिली. न सांगता केरसुणी घेऊन मोहरी एका कोपऱ्यात लोटली आणि गेली.

आता तुला विचारते. तू तिथे बसली होतीस. ही खिडकी कोणाची, तराजू कशाचा, हे त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या तुला माहीत होतं. तुझ्या तोंडात मिठाची गुळणी होती का? आजी म्हणून ओळख द्यायची लाज वाटली? वाटली असेल तर तसं लिही. मला लाजेचं वाईट वाटत नाही, गप्प बसण्याचं वाटतं.

२२ मार्च, शनिवार

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी, पण सहा महिन्यांत पहिल्या.

तू लिहितेस, “साहेबांनी मला समोर उभं करून विचारलं, ही तुझी कोणी लागते का, तिथे काय चालतं ठाऊक आहे का. मी म्हटलं, माझी आजी आहे, काय चालतं ते तिलाच विचारा. तूच शिकवलंस, बायका काय नेतात ते सांगायचं नाही.”

हे वाचलं आणि हातातली कात्री ठेवून बसून राहिले. मग उठून भांडी घासली. घासून झालेलीच होती, परत घासली.

बरं. माझं चुकलं. गप्प बसणं दोन तऱ्हेचं असतं आणि तुझं मी ओळखलं नाही. हे एकदाच लिहिणार आहे, परत मागू नकोस.

पण पुढे लिहितेस की चौकटी मी नाही काढल्या, यंत्र काढतं, मी फक्त राखून ठेवायची खूण केली. कारण तीस दिवसांनी बाकीचं आपोआप पुसलं जातं, आणि साहेबांनी सांगितलं होतं, त्या दाराशी येईल तिचं राखून ठेव. मुंगे, सुई पण मी चालवत नाही, मशीन चालवतं. पाय माझा असतो. एकतीस वेळा तुझं बोट त्या खुणेवर गेलं. पहिल्या वेळी हुकूम म्हणून गेलं असेल. एकतिसाव्या वेळीही?

असो. इकडचं ऐक. काल गॅलरी आली. सह्या गोळा केल्यापासून ती माझ्या उंबऱ्यावर चढली नव्हती, सही केली नाही म्हणून. फाडलेल्या उशा बघितल्या, कोपऱ्यातली मोहरी बघितली. म्हणाली, गाडी आली तेव्हा मी वरून सगळं पाहिलं, मी चोरासाठी मागितला होता हो कॅमेरा. मी म्हटलं, चोर सापडला? नाही म्हणाली. कॅमेरा लागल्यावरही दोनदा साखळी खेचली, दोन्ही वेळा तो टोपी घालून होता.

मग तिने विचारलं, तुम्ही या बायकांना देता तरी काय? मी शिवण उसवत राहिले. ती बसली, पाणी प्याली, इकडे तिकडे बघितलं. तिचं तोंड फाटकं आहे पण डोकं नाही. त्या फाडलेल्या उशीचा आकार तिने हातात धरून बघितला आणि जपून खाली ठेवला, भरलेल्या वाटीसारखा.

“मला काही सांगू नका,” म्हणाली. “मला पण एक पुडकं बांधून द्या.”

“तुला कशाला?”

“वीस मिनिटं बसते आणि घेऊन जाते. माझा पण फोटो निघू दे. उद्या माझ्या दोघी सुना येतील. परवा भिशीच्या सगळ्याजणी.”

मी सांगितलं, मोहरी पोलिसांनी नेली. तिने घरची आणली, डब्यासकट.

२७ मार्च, गुरुवार

तू होतीसच, पण तू रांगेच्या मधून पाहिलंस, मी टेबलाच्या बाजूने. म्हणून लिहून ठेवते.

मंगळवारी चाळीस आल्या. बुधवारी रांग गल्लीबाहेर गेली. भाजीवाल्या, शाळेच्या बाया, बँकेतल्या दोघी जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्यातल्या नर्सा, नव्वदीची एक, जिला खुर्चीतून उचलून आणलं होतं. गॅलरीने कोणाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाली, एवढंच सांगितलं की एका म्हातारीकडे वीस मिनिटं बसायचं, पुडकं न्यायचं आणि कोणी विचारलं तर सांगायचं, टाचण्यांची उशी. बाई, तीन दिवस वीस-वीस मिनिटं मी त्यांचं करणार काय होते? मागच्या खोलीत आठ-आठ जणी बसवल्या. कोणी गुडघ्याचं सांगितलं, कोणी सासूचं. एकीने माझी सगळी बटणं रंगाप्रमाणे लावून दिली.

चादर काढली खिडकीची. तराजू पुढे ओढला. आता बघा म्हटलं, हवं तेवढं.

कोणी तोंड झाकलं नव्हतं. उलट खांबाखालून जाताना काहीजणी थांबून वर बघून पदर, ओढणी सारखी करत होत्या, फोटो काढायला उभं राहावं तशा. आणि त्यांच्यामधून, त्याच रांगेत, जिना आली. छत्री आली. आज कंडक्टर आली, गणवेशात, उघड्या तोंडाने, तिच्यासोबत डेपोच्या आणखी सहा जणी. त्या सहा जणींना काही ठाऊक नव्हतं. तिला खरी दिली, त्यांना नुसती. पुडकी सारखीच बांधली होती. आता काढ चौकटी आणि ओळख, कोणती कोण.

एक सांगते. काल रांगेतल्या एकीने आत आल्यावर दार लोटलं आणि हळू म्हणाली, मला खरीच हवी. मी माप घेतलं. कोण ते तुला सांगणार नाही. एवढंच, की तिला माझी केरसुणी कुठे असते ते आधीपासून माहीत होतं.

आणि आज चार वाजता तू. मी नजर वर केली नाही. रांग होती मागे, बोलायची ती वेळ नव्हती. टेप घेऊन मी तुझं माप घेतलं, सगळ्यांसारखं. बारीक झालीस. त्या पडद्यांसमोर जेवायला देत नाहीत का? तू वाकून जमिनीवरचा दाणा बोटाने टिपलास आणि डब्यात टाकलास. मग म्हणालीस, उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवणार आहे. काय ते मी विचारलं नाही. तुझी चोवीस वर्षं झाली आहेत.

जाताना तुझं पुडकं इथेच विसरलीस. या पत्रासोबत पाठवते. नेलंच नाहीस तर रांगेत कशाला उभी राहिलीस?

९ एप्रिल, बुधवार

मुंगे,

साहेब स्वतः आला. अठ्ठावीस तारखेला नाही, काल. दोन किलोची पिशवी परत आणली, शिक्का फोडलेला. तपासणीचा कागद वाचून दाखवला: मोहरी. तीन आठवडे लागले त्यांना. मी सही केली, त्याच पावतीच्या खाली, काळसर बारीक दाणे परत मिळाले.

म्हणाला, फाईल बंद केली. चारशे बारा बायकांना चौकीत बोलावायचं तर चौकीत उभं राहायला जागा नाही, आणि त्यांतली एक माझी काकू आहे. हसायला बघत होता. मी हसले नाही. फोटो मागितले. पाकीट दिलं. त्याच्या समोर मोजले, एकतीस, आणि बंबात घातले. तो बघत उभा राहिला. मी म्हटलं, हे कागदाचे झाले, यंत्रातले?

तेव्हा त्याने तुझं सांगितलं. फाईल बंद झाली की राखलेलं मोकळं करायचं असा नियम आहे, पण त्यासाठी कोणालातरी लेखी मागावं लागतं आणि कोणी कधी मागत नाही. तू मागितलंस. खाली सही, आणि सहीखाली तुझ्या हाताने लिहिलेलं, सदर महिला माझी आजी आहेत. त्याने सही केली. यंत्रातलं गेलं. आणि तुला त्या खुर्चीवरून उठवून तळमजल्यावर जुन्या फायलींत बसवलं. तिथे खिडकीपण नाही म्हणाला. हे त्याने मला का सांगितलं, ते त्याचं त्याला माहीत. जाताना बूट काढून ठेवले होते ते विसरून तसाच निघाला, मग परत आला.

वाटी खांबावर आहेच. मी अर्ज दिला आहे, तिचं तोंड खिडकीवरून रस्त्याकडे वळवा म्हणून. गॅलरीने लिहून दिला, सह्या तिनेच गोळा केल्या, या वेळी पहिली सही माझी. वळवतील, नाहीतर मी परत जाईन. मला दुसरं काम काय आहे. बायका यायला लागल्या आहेत. या आठवड्यात पाच.

आता एक सांगायचं राहिलं आहे. तू त्या कडीचं विचारायचीस ना, आत काय लपवतेस. आणि तुझी तक्रार असायची की आजी उजव्या कुशीतच घेते, डाव्या कुशीत कधी घेत नाही. डावीकडे दोनशे चाळीस ग्रॅम मोहरी आहे, मुंगे. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा ती छाती काढली. शिवायला मी दुसरीवर शिकले नाही, स्वतःवर शिकले. पहिली फार जड झाली होती, आठ दिवस वाकडी चालत होते, लोकांना वाटलं पाय मुरगळला.

बावीस वर्षं एका घरात राहिलो. तुला कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही. त्या खांबावरच्यालाही कळलं नाही, तीन महिने टक लावून. आज तुला कळतंय ते मी लिहितेय म्हणून. यात फरक काय, ते आता तुला समजावत बसायला नको.

रविवारी तळमजल्यालाही सुट्टी असेल. माझी विरली आहे, नवी भरायची आहे, आणि मोहरी ओतताना हल्ली माझा हात हलतो. नरसाळं त्याच खणात आहे.

येशील तेव्हा कडी वाजव. मी आतून उघडेन.

आजी